थंडीच्या दिवसांत पथक कसे टिकते
(संस्थेच्या कोजागिरी संमेलनात केलेले भाषण)



दुधाची कढई समोर उकळत असताना भाषण लांबवणे हा श्रोत्यांवर अन्याय आहे, याची आम्हांस जाणीव आहे. चिटणीसांनी आम्हांस सायकल-पथकाचा वृत्तान्त सादर करावयास सांगितले आहे. तो वृत्तान्त आकड्यांसह वार्षिक अहवालात येईलच, तो येथे पुन्हा वाचण्यात अर्थ नाही. आम्ही म्हणजे पथकाची व्यवस्था पाहणारे आम्ही तिघे. तिघांनी मिळून ठरवले की, या वर्षी सभेपुढे वृत्तान्ताऐवजी एक कबुली ठेवावी आणि तिच्यामागोमाग एक मागणी. कोजागिरी झाली म्हणजे नाशिकला थंडीची चाहूल लागते, आणि गेल्या थंडीत आमच्या हातून जे घडले ते या थंडीत पुन्हा घडू नये अशी आमची इच्छा आहे.

गेल्या वर्षी याच कोजागिरीला पथकात सतरा जण होते, अकरा मुलगे आणि सहा मुली. सर्वांत लहान पंधरा वर्षांची, सर्वांत मोठा सव्वीस वर्षांचा. जानेवारीअखेरीस २०० किलोमीटरची ब्रेव्हे पूर्ण करावयाची, हा संकल्प याच व्यासपीठावरून सोडला होता आणि आपण टाळ्याही वाजवल्या होत्या. ज्यांस हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी सांगतो की, ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. तीत पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ठरलेले २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत, वाटेतील ठाण्यांवर नोंद करीत, स्वतःच्या बळावर पार करावयाचे असतात. हिशेब केला तर विश्रांती धरून ताशी सुमारे पंधरा किलोमीटर पडतात. म्हणजे असामान्य शक्तीची गरज नाही. सराव मात्र न चुकता हवा.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पंधरा जण आले. तिसऱ्या रविवारी अकरा. डिसेंबरच्या मध्यास सहा. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी ठरल्या जागी सायकली होत्या चार, आणि त्यांतील एक आमच्यापैकीच एकाची होती. जानेवारीत ब्रेव्हेला दोघे गेले व दोघांनीही ती पूर्ण केली. त्यांचे अभिनंदन आपण मागेच केले आहे. उरलेल्या पंधरांविषयी कोणी काही विचारले नाही, आणि प्रथम आम्हीही विचारले नाही.

आपल्याकडील थंडी म्हणजे काही युरोपातील थंडी नव्हे, हे आम्ही जाणतो. नाशिकचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, निफाडकडे त्याहूनही खाली जातो. द्राक्षाच्या बागांतून शेतकरी रात्री शेकोट्या पेटवून मण्यांची काळजी घेतात. तरीही बर्फ नाही, निसरडा रस्ता नाही, पाऊस तर नाहीच. वास्तविक आपल्या प्रांतात सायकलीवर बसण्यास हाच ऋतू सर्वांत उत्तम. मग मुले गळतात कशामुळे? याचा विचार आम्ही फार उशिरा केला, आणि जे सापडले त्यातील काही भाग चक्क भूगोलाचा आणि पदार्थविज्ञानाचा निघाला. तो आधी सांगतो, कारण मुलांना तो कोणी सांगितलेलाच नव्हता.

पहिली गोष्ट उजेडाची. आपण सर्वजण समजतो की २१-२२ डिसेंबरला सर्वांत लहान दिवस झाला म्हणजे सकाळ लवकर उजाडू लागते. तसे होत नाही. दिवस मोठा होतो खरा, पण प्रारंभी तो संध्याकाळच्या बाजूने वाढतो. नाशिकला नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य साडेसहाच्या थोडे पुढे उगवतो, २१ डिसेंबरच्या सुमारास सातच्या पुढे पाच मिनिटांनी, आणि संक्रांतीच्या दिवशी, तिळातिळाने दिवस वाढू लागला असे आपण म्हणतो तेव्हा, तो सातच्या पुढे बारा मिनिटांनी उगवतो. आम्ही मुलांना डिसेंबरअखेर सांगत होतो, 'आता एवढा आठवडा काढा, मग उजाडेल लवकर.' आठवडा काढून पाहिला तर अंधार वाढलेलाच! खोटी आशा दाखवणाऱ्या माणसाचे दुसऱ्यांदा कोण ऐकतो?

दुसरी गोष्ट वाऱ्याची. दहा अंशांच्या पहाटे उभे राहिले तर ती थंडी दहा अंशांचीच. परंतु ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने सायकल चालू लागली की उघड्या त्वचेला ती सुमारे सात अंशांसारखी झोंबते. सर्वांत आधी बोटे बधिर होतात, कारण ब्रेकवर ती पसरलेली असतात आणि हातांना श्रम नसतात. तिसरी गोष्ट हवेच्या दाटपणाची. तीस अंशांच्या हवेपेक्षा दहा अंशांची हवा सुमारे सात टक्के दाट असते, आणि सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यातच खर्ची पडते. त्यातच तीस अंशांच्या दुपारी ट्यूबमध्ये ऐंशी पौंड हवा भरली असेल, तर दहा अंशांच्या पहाटे ती चौऱ्याहत्तरवर आलेली असते. परिणाम असा की तेवढ्याच कष्टात सायकल मंद चालते. आमच्या एका मुलीने डिसेंबरात घरी जाऊन सांगितले होते, 'माझी ताकदच गेली, मला हे जमायचं नाही.' ताकद कोठेही गेली नव्हती. हवा दाट झाली होती आणि चाके थोडी मऊ पडली होती. परंतु हे तिला सांगणारा जो होता, म्हणजे आम्ही, तो त्या वेळी तिचे नाव गैरहजरांच्या यादीत लिहिण्यात गुंतला होता.

येथून कबुलीला आरंभ होतो.

मुले कमी होऊ लागली तशी आम्ही तीन उपाय योजले. पहिला उपाय व्याख्यानाचा. आम्ही त्यांना बर्नार हिनो या फ्रेंच सायकलपटूची कथा सांगितली. २० एप्रिल १९८० रोजी बेल्जममधील लिएज–बास्तोन–लिएज या शर्यतीत बर्फ पडू लागला. १७४ जण निघाले होते, त्यांतील केवळ २१ जण परतले, आणि हिनो दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाहून नऊ मिनिटांहून अधिक अंतराने पुढे येऊन जिंकला. कथा खरी आहे आणि सांगताना छाती फुलते. परंतु ती आम्ही अर्धीच सांगितली. त्या दिवशी गोठलेल्या हिनोच्या दोन बोटांची व्यथा पुढे कायमची त्याच्या सोबतीला राहिली, हे आम्ही सांगितले नाही. पुढील शिधावाटपाच्या ठिकाणापर्यंत बर्फ थांबला नाही तर सोडून द्यावयाचे, असे त्या वीरानेही आपल्या सोबत्याशी वाटेत ठरवले होते, हेही सांगितले नाही. आणि जे १५३ जण थांबले ते सारे व्यवसायाने सायकलपटू होते. त्यांना भ्याड म्हणण्याची आमची काय पात्रता? पंधरा वर्षांच्या मुलीला स्वेटर नाही म्हणून ती घरी राहिली, तर तिला हिनोचे उदाहरण देणे हा मूर्खपणा होता.

दुसरा उपाय दंडाचा. चुकलेल्या प्रत्येक रविवारी वीस रुपये. तिसरा उपाय त्याहून वाईट. पथकाच्या व्हॉट्सॲप गटावर दर रविवारी दुपारी गैरहजरांची नावे प्रसिद्ध करावयाची. आम्हांस वाटले, लाजेने तरी येतील. लाजेने माणसे येत नाहीत, दूर जातात. हे वयाच्या साठीत आम्हांस कळले.

एका मुलाचे नाव सलग चार रविवार त्या यादीत आले. तो पथकातील बळकट मुलांपैकी. स्वतःची सायकल नसल्यामुळे संस्थेने देणगीतून घेतलेल्या दोन सायकलींपैकी एक त्याच्याकडे होती. पाचव्या सोमवारी संध्याकाळी त्याची आई आमच्या दारात आली. सोबत सायकल, ती स्वतः हातात धरून चालवत आणलेली. सायकल धुतलेली, चेनला तेल दिलेले, चाकांत हवा भरलेली. आम्ही 'या वहिनी, बसा' म्हटले, ती बसली नाही. पाकीट पुढे करून म्हणाली, "भाऊ, ऐंशी रुपये आहेत. त्यानं सांगितलंय, मोजून घ्या म्हणून."

मग हळूहळू कळले. वडिलांच्या पाठीचे दुखणे वाढल्यापासून मुलगा औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीस लागला होता. शनिवारी रात्री आत गेला की रविवारी सकाळी सातनंतर बाहेर पडे. आम्ही ज्या वेळी त्याचे नाव यादीत लिहीत होतो, त्या वेळी तो संस्थेच्याच सायकलीवरून, कारखान्यातून घरी, आमच्या सर्वांपेक्षा थंड वाऱ्यात एकटा येत होता. सायकल आठवड्यात सहा रात्री चालत होती. हिशेबाने पाहिले तर डिसेंबरात पथकातील सर्वांत अधिक सायकल त्यानेच चालवली असेल.

"त्यानं आम्हांला सांगितलं का नाही?" असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "तुम्ही विचारलं होतं का भाऊ?"

हे ऐंशी रुपये आमच्याकडून घेतले गेले नाहीत, हे सांगण्याचीही आवश्यकता नसावी. सायकलही त्याच रात्री आमच्यापैकी दोघांनी परत नेऊन दिली. दंड व यादी दुसऱ्या दिवशी बंद केली. परंतु बंद करण्याने झालेले पुसले जात नाही. गटावरील ते संदेश अद्याप कोणाकोणाच्या भ्रमणध्वनीत असतील.

त्यानंतरच्या पंधरवड्यात आम्ही तिघे पंधराही घरी गेलो. उपदेश करावयाचा नाही, चहा घ्यावयाचा आणि कारण विचारावयाचे, एवढेच ठरवले होते. जी कारणे मिळाली त्यांतील एकही आमच्या मनातील यादीत नव्हते. तिघांची बारावीची तयारी होती; त्यांना जानेवारीपर्यंत मोकळे सोडणे हाच शहाणपणा होता. एकाला थंड कोरड्या हवेत छाती घट्ट होऊन खोकला येई, आणि दम्याचा संशय असताना तो कोणास न सांगता कुढत होता. त्याला डॉक्टरांकडे पाठवले. दोघांकडे हातमोजे नव्हते. एकाने प्रामाणिकपणे सांगितले, "काका, झोप येते." हे उत्तर आम्हांस फार आवडले, कारण त्यात काही लपवलेले नव्हते. आणि सहापैकी पाच मुलींच्या घरी एकच उत्तर मिळाले: साडेपाचला अंधार असतो, आणि घरापासून जमण्याच्या जागेपर्यंतचा रस्ता तिला एकटीने जावा लागतो. पुढचे साठ किलोमीटर पथकाबरोबर असतात, त्यांची चिंता कोणा आईवडिलांस नव्हती. चिंता त्या पहिल्या अर्ध्या-पाऊण किलोमीटरची होती. आम्ही साठ किलोमीटरांचा नकाशा फार काळजीपूर्वक काढला होता. ते पाऊण किलोमीटर नकाशात नव्हते.

येथे दुसऱ्या एका शर्यतीचे स्मरण होते. हिनोची सांगितली, आता हीही सांगणे न्याय्य आहे. ५ जून १९८८ रोजी इटलीच्या जिरो शर्यतीत गाविया नावाची खिंड ओलांडावयाची होती. उंची २,६०० मीटरांहून अधिक, आणि वर हिमवादळ. अमेरिकेचा अँडी हॅम्पस्टन त्या दिवशी टप्पा जिंकला नाही, तो दुसरा आला. परंतु अग्रस्थानाचा गुलाबी अंगरखा त्याने त्याच दिवशी मिळवला व पुढे सारी शर्यत जिंकली. तो मान मिळवणारा तो पहिलाच अमेरिकन. हॅम्पस्टनच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. वर वादळ आहे हे कळताच त्याच्या संघाच्या व्यवस्थापकांनी त्या भागातील दुकानांतून बर्फावर घालावयाचे जाड हातमोजे, टोप्या आणि लोकरी कपडे मिळतील तेवढे विकत घेतले, आणि खिंडीच्या माथ्याजवळ गरम गोड चहा घेऊन त्यांची माणसे उभी राहिली. हॅम्पस्टन चढून आला तेव्हा त्याच्यासाठी तेथे कोणी तरी होते. उतारावर त्याचेही हाल झालेच. पण तो उतरला. त्या दिवशी इतर कित्येकांना ओल्या कपड्यांनिशी थांबून कुडकुडत बसावे लागले.

आणि दूर कशाला जावे? आपल्या नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे दोघे बंधू २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरांची 'रॅम' शर्यत नऊ दिवसांच्या आत पार करून आले, तेव्हा आपण सर्वांनी अभिमान बाळगला. त्या शर्यतीत स्वारामागे गाडी असते. गाडीत अन्न शिजवणारे, रस्ता सांगणारे, सायकल दुरुस्त करणारे, झोपेतून उठवणारे बसलेले असतात. त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहेत? आम्हांसही नाहीत, हे कबूल केले पाहिजे.

असो. घरोघर फिरून आल्यावर आम्ही जे बदलले ते साधे आहे. पहिला बदल वेळेचा: साडेपाचऐवजी पावणेसात. उजेडाची खोटी आशा दाखवण्यापेक्षा उजेडाचीच वाट पाहावी. यामुळे अंतर साठावरून पस्तीस-चाळीसवर आले, आणि आमच्यापैकी एकाने त्यावर पुष्कळ वाद घातला, की चाळीस किलोमीटरच्या सरावाने दोनशे कसे व्हावेत? त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. पण दोन-तीन आठवडे सायकल पूर्ण बंद पडली की कमावलेला दम उतरू लागतो, आणि मग सारे पुन्हा पहिल्यापासून. दर रविवारी चाळीस करणारा फेब्रुवारीत ऐंशी करू शकतो. डिसेंबरात एकदा साठ करून घरी बसलेला करू शकत नाही. लांब फेरी महिन्यातून एकच ठेवली, तीही उन्हे वर आल्यावर निघावयाची.

दुसरा बदल साखळीचा. जमण्याची जागा रद्द केली. सर्वांत दूर राहणारा आमच्यापैकी एक सहा वाजून वीस मिनिटांनी निघतो, पहिल्या घराशी घंटी वाजवतो, तेथून दोघे दुसऱ्या घराशी, तेथून तिघे. मुलींपैकी कोणीही एक पाऊलही एकटी चालत नाही. या साखळीचा आम्ही कल्पना केली नव्हती असा एक गुण आहे. गटावर 'येतो' म्हणून अंगठ्याचे चिन्ह टाकून पांघरुणात शिरणे सोपे असते. परंतु खिडकीखाली तिघे जण तोंडातून वाफा काढीत उभे आहेत आणि आजी दार उघडून विचारते आहे, "अरे, पोरं आलीत रे, उठलास का?" तेव्हा झोप आपोआप पळते. ज्या मुलाने झोपेचे कारण सांगितले होते तो त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. अर्थात ज्याला खरोखर यावयाचे नाही त्याने आदल्या रात्री तसे कळवावे, आणि का हे सांगण्याची सक्ती नाही. पण दुसऱ्या दिवशी कोणी तरी एक जण फोन करून विचारपूस करतोच.

तिसरा बदल करमणुकीचा, आणि त्याला आम्ही प्रथम नाक मुरडले होते. फ्रान्समध्ये हिवाळ्यात सायकलस्वार शेतांतून, चिखलांतून, कुंपणांवरून सायकल खांद्यावर टाकून पळत, आणि त्यातून सायक्लोक्रॉस नावाचा खेळ निघाला. १९०२ साली त्याची तेथे राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९१० साली तूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ऑक्ताव्ह लापीझने आपल्या यशाचे श्रेय या हिवाळी खेळाला दिले होते. वेग कमी असल्यामुळे वारा झोंबत नाही, आणि उतरून धावावे लागते म्हणून पाय गरम राहतात. आम्ही महिन्यातला एक रविवार कालव्याकाठच्या मातीच्या वाटेवर असाच घालवू लागलो. एक ओढा, दोन बांध, आणि शेवटी हुरडा. त्या रविवारी पथकात नसलेली मुलेही येतात. साठीच्या माणसाने सायकल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडणे शोभते की नाही यावर घरी मतभेद झाले, त्यांचा तपशील येथे नको.

फेब्रुवारीत रविवारची संख्या अकरावर गेली. सतरा झाली नाही. दोघे परत आलेच नाहीत. त्यांपैकी एकाची यादीतील नाव वाचून जी मान खाली गेली ती आम्ही पुन्हा वर करू शकलो नाही. रात्रपाळीच्या मुलाला रविवार अजूनही जमत नाही. त्याची सुट्टी गुरुवारी असते. म्हणून गुरुवारी सकाळी दोघे जण त्याच्याबरोबर त्र्यंबकच्या रस्त्याने जातात, नऊपर्यंत परततात. ज्या दोघांनी ब्रेव्हे पूर्ण केली होती तेच ते दोघे. हे त्यांनी आम्हांस न विचारता सुरू केले, आणि आम्हांस त्याचा पत्ता महिन्याने लागला.

आता थोडे पालकांसाठी. थंडीत सायकलीवर पाठवताना जाड सुती बनियन घालू नका. सुती कापड घाम धरून ठेवते, आणि चढ संपून उतार लागला की तेच अंगाला बर्फासारखे चिकटते. आत पातळ, घाम टाकणारे कापड किंवा लोकर, वर वारा अडवणारे एखादे जाकीट. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, दहा मिनिटांत अंग तापते. हातमोजे मात्र आवश्यक, आणि कानांवरून टोपी अशी की शिरस्त्राण सैल होणार नाही. जाकीट नसेल तर जुना उपाय चालतो: युरोपातील स्वार घाटमाथ्यावर अंगरख्याखाली वर्तमानपत्र सरकवून मग उतरत. आम्ही ते करून पाहिले आहे, छातीला वारा लागत नाही. कोणत्याही पत्राचे चालते, रविवारची पुरवणी अधिक जाड असते.

थंडीत तहान लागत नाही म्हणून मुले बाटली भरलेली तशीच परत आणतात. पाणी प्यावयास सांगत जा. गूळ-शेंगदाणे खिशात द्या. अंगात ताप असेल तर, कितीही हट्ट केला तरी, जाऊ देऊ नका. ताप घेऊन श्रम केल्यास हृदयावर बेतू शकते. आणि दिवे. या दिवसांत लाल कांद्याचे ट्रॅक्टर पहाटेपासून लासलगाव-पिंपळगावच्या बाजारांकडे निघालेले असतात, उसाच्या गाड्या असतात, आणि पुष्कळशा ट्रॉल्यांच्या मागे ना दिवा असतो ना चमकपट्टी. गोदाकाठी धुके पडले तर वीस पावलांवरचेही दिसत नाही. मागे लाल दिवा लागलेला नाही त्या सायकलीला साखळीत घेतले जाणार नाही. आमचा एवढा एकच कडक नियम उरला आहे. धुके असेल तर सर्वांनी थांबावयाचे, आणि थांबणाऱ्याला कोणी काही म्हणावयाचे नाही.

मागणी आता सांगतो. पैसे नकोत. संस्थेने सहा जोड हातमोजे आणि चार दिवे दिले, त्यांबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्हांस माणसे हवी आहेत. फेरीच्या मध्यावर, साधारण वीस किलोमीटरवर, रविवारी पावणेआठच्या सुमारास कोणी तरी चहाची मोठी किटली घेऊन उभे राहावे. तेथपर्यंत मोटारीने जावे, दुचाकीने जावे, वाटल्यास आपल्या नातवंडांना घेऊन जावे. चहा पाजून पुढे जाणाऱ्यांची डोकी मोजावीत, आणि एखादा कमी दिसला तर आम्हांस फोन करावा. सायकल चालवता येण्याची आवश्यकता नाही. ज्या आजींनी गेल्या वर्षी 'थंडीत कशाला मरायला पाठवता' म्हणून आम्हांस फैलावर घेतले होते, त्यांच्यापैकी दोघींनी आपली नावे आधीच दिली आहेत. त्यांतील एकीची अट आहे की चहात आले तीच घालणार, दुसऱ्या कोणी घालावयाचे नाही. अट मान्य केली आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत सतरा रविवार धरले आहेत. त्यांचा एक कागद केला आहे; प्रत्येक रविवारासमोर दोन नावांची जागा आहे. आज सकाळपर्यंत नऊ रविवार भरले आहेत. डिसेंबरचे शेवटचे दोन आणि संक्रांतीच्या जवळचा एक रविवार मात्र कोणी घेतलेला नाही, आणि आम्हांस नेमके तेच हवे आहेत. कागद दुधाच्या कढईशेजारी ठेवला आहे, पेन दोऱ्याने त्यालाच बांधले आहे.